वीणेचा पहारा

धारूरच्या घाटाखालच्या वाडीत, टोळ्या ऊस तोडायला निघण्याआधी दरसाल सप्ताह बसतो. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला, की दुसऱ्याच्या गळ्यात जाते; पहारा मागेल त्याला नाही म्हणत नाहीत. शेवटी काल्याचं कीर्तन होतं, वीणा देवापुढं ठेवतात आणि मगच ट्रक हलतात.

यंदा काल्याची सकाळ उजाडली, पण अंजनाबाईच्या गळ्यातली वीणा उतरेना.

दिवस भरत आलेली तिची सून, शिवकन्या, खांबाला टेकून बसली होती. मागच्या हंगामात वाडीची एक बाळंतीण दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन फडात उभी राहिली होती. नाहीतर खाडा, म्हणजे बुडाल्या दिवसाचा दंड. तेव्हाच बायांनी संघटना बांधली. मागणं एकच: बाळंतिणीला खाडा लावायचा नाही.

काल कीर्तनकार सत्यशीलाताईंनी कीर्तनात जुन्या कापडगिरण्यांच्या संपाची गोष्ट सांगितली होती. "भोंगा बिचारा वरडून वरडून दमला, माय, पण एक माणूस जागचा हलंना!" मंडप हसला होता. आता टाळांच्या नादात अंजनाबाईला उभ्यानंच गुंगी आली. मंडपाचे खांब उसासारखे वाढत गेले, त्यांना तुरे फुटले. तुऱ्यांपलीकडं, कापसाच्या पांढऱ्या धुरळ्यात, कुठल्या कोण जाणे, बाया उभ्या होत्या. तिच्याकडं बघून संथ माना हलवत होत्या.

"मावशी, कावून अडून बसलाव?" मुकादम मोहनराव समोर उभा होता. "ट्रक कवाचे उभे हायती."

"बाळंतिणीचा खाडा माफ म्हणा, लगेच काला."

"ते कारखान्याच्या हातात हाय."

"मंग कारखान्याला इचारा. आमी हावत हितंच, नामात."

"चालू द्या की मोहनराव," ट्रकवाला चाँद बाहेरून म्हणाला, "मला बी लई झोप राहिलीय."

मोहनराव माळकरी. त्यानं मनाशी हिशेब केला: वीणा आपल्या गळ्यात आली, की आपणच ठेवून मोकळं व्हायचं. पाय धुऊन, नमस्कार करून त्यानं अंजनाबाईकडं पहारा मागितला, वीणा गळ्यात घेतली आणि देवाकडं वळला.

"काला व्हायचाय अजून," सत्यशीलाताई शांतपणे म्हणाल्या. "अन् बाया उठा म्हणल्याबिगर मी कीर्तनाला उभी राहणार न्हाई."

मोहनरावाचे हात थबकले. काल्याआधी वीणा खाली ठेवायला त्याचं मन धजेना. "सुग्रीव, ये बे, धर ही."

सुग्रीव, अंजनाबाईचा नवरा, टाळ वाजवीत राहिला. "हात गुतलेत, मुकादम."

कुणीच उठेना. ऊन मंडपात सरकलं. मोहनरावाच्या पायांना मुंग्या आल्या, ओठ सुकले. तेव्हा शिवकन्या खांबाचा आधार घेत उठली, तांब्या घेऊन आली आणि त्याच्या तोंडाशी धरला. "मामा, पाणी घ्या."

दोन घोट पिऊन तो गडबडीनं म्हणाला, "बस बाई, बस. अशा अंगानं उभी राहू नको."

"फडात बी असंच म्हणाल का, मामा?"

मोहनरावानं चाँदला हाक मारली, आपल्या खिशातला फोन काढून कारखान्याच्या साहेबाला लावायला सांगितला. "आवाज मोठा कर. समद्यांना ऐकू दे." फोनमधून साहेब आधी ओरडला.

"साहेब, टोळी येत न्हाई," मोहनराव म्हणाला, "अन् मी बी येत न्हाई. बाळंतिणीचा खाडा माफ करा, मग बघू."

टाळ थांबले.

"बरं बाबा," शेवटी आवाज आला, "नाही लावणार. निघा आता."

अंजनाबाईनं वीणेसाठी हात पुढं केले.

"ऱ्हाऊ द्या, मावशी. काल्यापोतर धरतो मी."

सत्यशीलाताई कीर्तनाला उभ्या राहिल्या. अंजनाबाई सुनेशेजारी मांडी घालून बसली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.