सर्व भागधारक उपस्थित

मे महिना लागला की फुसाए कंपनीचं इतिवृत्त लिहायला बसे. जपानच्या नारा प्रांतातल्या एका गावात तिच्या सासऱ्यांनी काढलेला मोज्यांचा कारखाना होता, आणि कायद्यानं वर्षाकाठी भागधारकांची एक सभा घ्यावीच लागे. सभा कधी भरलीच नाही. फुसाए मात्र दरवर्षी वळणदार अक्षरात लिहायची : सर्व भागधारक उपस्थित, ठराव एकमताने मंजूर. मग ऑफिसातल्या आपल्या खणातून घरातल्या सगळ्यांचे, सहीऐवजी चालणारे शिक्के काढून एकेक लाल शाईत टेकवायची आणि नावापुढे उमटवायची. नवरा हसला तर म्हणायची, "घरच्या माणसांत कसली आलीय सभा?" असं बावीस वर्षं चाललं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

नवरा गेला. त्याचे बहुतेक शेअर फुसाएकडे आले. संचालक ती आधीपासून होतीच. अध्यक्ष झालेला धाकटा दीर तादायुकी विणकाम खातं बंद करायला निघाला. तिथल्या अकरा बायकांना फुसाएनं स्वतः यंत्रावर बसवलेलं, म्हणून ती संचालकांच्या बैठकीत नाही म्हणाली. तादायुकी वाद घालत बसला नाही. तिच्या पेल्यात आणखी चहा ओतून त्यानं हवापाण्याचा विषय काढला.

महिन्याभरानं बँकेच्या कामासाठी तिनं नोंदणी कचेरीतून उतारा आणला, तर संचालकांत तिचं नाव नव्हतं. तिनं फाईल उघडली. विशेष सभेत सर्व भागधारक उपस्थित. फुसाए यांना संचालकपदावरून दूर करण्याचा ठराव एकमताने मंजूर. खाली तिचाच शिक्का होता, ऑफिसातल्या त्याच खणातला. सभेची म्हणून जी तारीख घातली होती, त्या दिवशी नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. ती देवळात पाहुण्यांना वाढत होती, आणि तादायुकी पहिल्याच पंगतीला बसला होता. किती थंड डोक्याचा माणूस!

ओसाकाच्या वकीलबाई म्हणाल्या, न भरलेल्या सभेचा ठराव हा ठरावच नव्हे, कोर्टात तो उभा राहणार नाही. आणि उद्या खरी सभा भरली, तरी तुमचे पस्तीस टक्के नि नणंदेचे पंचवीस एकत्र आले तर तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. फक्त नणंद सोबत हवी.

नणंद इत्सुए आपल्या घरी ओट्याशी मटार सोलत होती. फुसाएनं सगळं सांगितलं.

"वन्सं, एकदाच सभेला या. माझ्या बाजूनं हात वर करा, बास."

"माझा हात कशाला हवा, वहिनी? माझा शिक्का तुमच्याच खणात आहे की."

इत्सुएचे हात चालूच होते.

"नऊ वर्षांपूर्वी मला संचालकपदावरून काढलंत ना, तो कागद मी नंतर मागवून वाचला. इत्सुए सभेस उपस्थित राहून स्वखुशीने पदमुक्त. त्या दिवशी माझं ऑपरेशन होतं. संध्याकाळी तुम्हीच पेज घेऊन आला होतात."

फुसाएला पेज आठवली. सकाळी शिक्का उमटवून, हात धुऊन तिनं ती शिजवली होती. नवऱ्यानं सांगितलं नि आपण लिहिलं, एवढंच तिच्या तोंडी आलं. पण ते तिलाच पटेना.

"अक्षर मात्र छान हो तुमचं," इत्सुए म्हणाली. "वाचून मलाच वाटलं, गेले असेन बाई सभेला."

तिनं मटाराची वाटी भरून बरोबर दिली. सभेला येते असं काही म्हणाली नाही.

परतताना फुसाएच्या ध्यानात आलं, की कोर्टाची पायरी चढायची तर आधी बावीस वर्षांची फाईल उघडावी लागणार, आणि तिच्यातलं पान न् पान तिच्या हातचं. दिराला खोटं पाडायला तिच्यापाशी खरा असा एकही कागद नव्हता.

घरी लेक चिनामी खुशीत होती. वडिलांच्या शेअरपैकी थोडे तिच्या नावावर झाले होते, म्हणून काकांनी तिला नवा शिक्का कोरून आणला होता. शिवाय ऑफिसात नोकरीही देऊ केली होती.

"बघू," फुसाए म्हणाली, "कुठंय शिक्का?"

"काकांच्या खणात. तिथं असला की बरं पडतं म्हणाले."

"जा, आत्ताच्या आत्ता परत आण."

चिनामी गोंधळून बघत राहिली. "का गं? तूच तर म्हणायचीस, घरच्या माणसांत कसली आलीय सभा?"

लेक शिक्का आणायला गेली नाही.

पुढच्या मे महिन्यात विणकाम खातं बंद करण्याचा ठराव झाला. सर्व भागधारक उपस्थित, ठराव एकमताने मंजूर. फुसाएचा शिक्का होता, इत्सुएचाही होता. अक्षर चिनामीचं होतं, अगदी आईच्या वळणाचं.