ओल्या हाताची तीन पानं

उज्ज्वलाच्या वडिलांचं, आबांचं, तेरावं होऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा विद्यापीठातल्या डॉ. महिपती रणदिव्यांचा फोन आला.

"फार वाईट झालं, उज्ज्वला. मोठा साधा माणूस होता," एवढं म्हणून त्यांनी दम घेतला आणि मग कामाचं बोलले. लोणावळ्यात त्यांच्या पुस्तकावर कार्यक्रम होता. बाहेरगावचे अभ्यासक येणार होते, चित्रीकरण होणार होतं. "मंचाशेजारी एक लाल कालवड उभी करायची आहे. हिब्रू शास्त्रात सांगितलीय तशी, नखशिखांत लाल. तुमच्या कुरवंड्यात मिळेल ना? नथूभाऊ असते तर त्यांनाच सांगितलं असतं."

"मिळेल," उज्ज्वला म्हणाली. "पण तांबडी म्हणा, सर."

"तेच ते," सर हसले.

फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. तेच ते नव्हतं. त्या दोन शब्दांमधल्या अंतरात आबांची अकरा वर्षं गेली होती.

नथूआबा लोणावळ्यातल्या एका पाद्री संस्थेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं पुस्तकं बांधत होते. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं हे त्यांना सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक जुना ग्रंथ उलटा बांधला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून एका म्हाताऱ्या फादरांनी त्यांना अक्षरं शिकवली. अक्षरांमागून शब्द आले, आणि रंगांच्या शब्दांपाशी आबा जे थांबले ते थांबलेच. 'अदोम' हा एक शब्द मसुरीच्या कालवणालाही आणि कालवडीलाही, घोड्यालाही. कोशात पुढे अर्थ दिलेला: लाल. आबांना ते पटेना. कुंकवासारखी गाय कोणी पाहिलीय? त्यांचं म्हणणं असं, की त्या जुन्या लोकांनी रंग माती, धान्य आणि जनावर बघून ओळखले. ढवळा, कोसा, तांबडा म्हटलं की आपल्याकडे नुसता रंग दिसत नाही, समोर बैलच उभा राहतो. तसंच त्यांचं असणार.

म्हणून दर रविवारी आबा गोठे हिंडायचे. कधी कुरवंड्यातच, कधी एसटीने नवलाख उंबऱ्यापर्यंत. वहीत हिब्रू शब्द, त्यासमोर जनावर: कोणाचं, दातांवरून किती वयाचं, पाठीवर कसं, पोटाखाली कसं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तीन शब्द असत. ओल्या हाताने पाहिले.

अशा सात वह्या झाल्या. सहा वर्षांपूर्वी रणदिवे सर त्या "वाचून देतो" म्हणून घेऊन गेले आणि झेरॉक्स काढून परत देऊनही गेले. गेल्या श्रावणात त्यांचं पुस्तक आलं. शब्द तेच, गोठे तेच, जनावरंही तीच. फक्त 'मी पाहिले' असं. ऋणनिर्देशात सतरा नावं होती. आबा एका तळटीपेत होते, 'संस्थेतील एक सेवक' म्हणून.

आबांनी पुस्तक दोनदा वाचलं. मग त्यांचं अन्न तुटलं. दिवाळी सरली आणि ते गेले.

दहाव्यानंतर उज्ज्वलाने पुस्तक उघडलं, तर तीन पानं कोपऱ्यात दुमडलेली होती. तेवढी तीन सरांच्या स्वतःच्या डोक्यातून आली होती. मावळातला शेतकरी जनावर पाहण्याआधी हात ओला करतो, असं त्यांनी लिहिलं होतं. हा शुद्धीचा विधी आहे. हिब्रू शास्त्रातही तांबड्या कालवडीची राख पाण्यात कालवून माणसं शुद्ध करून घेतात. दोन संस्कृतींचं हे खोलवरचं नातं आजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, इत्यादी.

आबा गेल्यापासून उज्ज्वला प्रथमच हसली. तिच्या त्या हसण्याने भावजय दचकली.

* * *

बयाआत्याकडे तांबडी कालवड होती, पण डाव्या कुशीवर परातीएवढा पांढरा डाग होता. उज्ज्वलाने गेरू कालवला, त्यात डिंकाचं पाणी घातलं आणि डागावर हात फिरवायला घेतला.

आत्या दावं धरून बघत राहिली. मग म्हणाली, "नथू असता तर न्हाई लावू दिला असता तुला."

"माहीत आहे."

"जनावराचा रंग खोटा सांगनं त्याला जमलं न्हाई कदी. बाजारात तोटा खायाचा, पर खरं बोलायचा."

"आबा नाहीत आता, आत्या. मी आहे."

आत्या वाकून डागाकडे बघू लागली. मग तिने बोट पुढे केलं. "हितं कड दिसतीया. नीट कर. करायचं तर चांगलं कर."

* * *

संस्थेच्या अंगणात मांडव होता. पुढच्या खुर्च्यांवर अभ्यासक बसले होते. मागे कुरवंड्याची सात-आठ माणसं होती. त्यांना उज्ज्वलाने मुद्दाम बोलावलं होतं. त्यांत बयाआत्या होती, बैलबाजारात आयुष्य गेलेले म्हातारे बाजीराव होते आणि वरच्या वाडीचा सावळा होता.

सर छान बोलले. अदोमवर तर फारच छान. वाक्यं आबांचीच होती. उज्ज्वला हात मांडीवर ठेवून ऐकत होती. एका ठिकाणी तिने पुढचं वाक्य मनात आधीच म्हटलं, आणि सरांनी ते शब्दाशब्दाने तसंच म्हटलं.

मग सर कालवडीपाशी आले. कॅमेरा सरकला. पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "पुढच्या काळातल्या यहुदी नियमांप्रमाणे दोन केस जरी वेगळ्या रंगाचे सापडले, तरी कालवड बाद. मी मावळात शेकडो जनावरं तपासली, तेव्हा कुठे नजर तयार झाली. ही निर्दोष आहे."

"सर," उज्ज्वला उभी राहिली. "ओल्या हाताने पाहिलीत?"

"बरं झालं आठवण केलीस!" सर खूश झाले. त्यांनी तांब्या मागवला. बोटांवर पाणी घेतलं, डोळे मिटून क्षणभर थांबले, मग खिशातून रुमाल काढून हात स्वच्छ कोरडा केला आणि तो कालवडीच्या पाठीवर ठेवला.

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"आरं, पुसला की ह्यानं!" बाजीराव म्हणाले.

"देव पावला का वो, मास्तर?" सावळा म्हणाला, आणि मागची अख्खी रांग खिदळली.

पुढच्या खुर्च्या माना वळवून बघू लागल्या. सरांना काही कळेना. बयाआत्या उठली. पदर खोचत पुढे आली, तोच तांब्या उचलून हातावर रिता केला आणि कालवडीच्या डाव्या कुशीवर खसाखसा चोळलं. गेरवाचे ओघळ पोटाखाली उतरले. आत पांढरंफेक निघालं. तिने तांबडा तळवा कॅमेऱ्यासमोर धरला.

"ह्याच्यासाटी वल्ला करत्यात हात," ती म्हणाली. "येपारी रंग लावून इकतो. वल्ला हात लावला की निगतो. पोरासोरांना ठावं असतंय हे."

"ही फसवणूक आहे!" सर ओरडले.

"व्हय की. तीच तर बघायची असती."

मांडवात हसू फुटलं, पण उज्ज्वला हसली नाही. तिने पिशवीतून आबांची एक वही काढली, बारा वर्षांपूर्वीची तारीख असलेलं पान उघडलं आणि कार्यक्रमाच्या अध्यक्षबाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते वाचलं. मग पुस्तकातलं पान काढून वाचलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा दोन्ही वाचली.

सरांनी माईकवर हात ठेवला. "काय हवंय तुला?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत नाव घालतो. प्रस्तावनेत. सगळ्यात वर."

"हात काढा माईकवरचा. ती शेकडो जनावरं कोणी पाहिली, ते सांगा."

"उज्ज्वला, इथे सगळे—"

"सगळे आहेत म्हणूनच."

त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. तिथून कोणी मदतीला येईना. हात निघाला. "या नोंदी... इथले एक कर्मचारी, नथू..."

"पूर्ण नाव. आणि कर्मचारी नाही. लेखक."

ते त्यांनी म्हटलं. आवाज बसला होता, म्हणून तिने पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा नीट ऐकू आलं.

खाली उतरताना ते तिच्यापाशी थांबले. डोळे लाल झाले होते. "तुझे वडील असे नव्हते," ते म्हणाले.

"नव्हते. म्हणून तर तुमचं इतके दिवस चाललं."

"झालं ना आता तुझं समाधान?"

उज्ज्वलाने थोडा विचार केला. प्रश्न खरा होता, तेव्हा उत्तरही खरं द्यायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सातही वह्यांच्या प्रती सकाळीच रवाना केल्यात. एक गठ्ठा प्रकाशकाला, एक तुमच्या विद्यापीठाला. आज तुम्ही पाया पडला असतात तरी ते गठ्ठे परत येणार नव्हते."

मग ती कालवड सोडवायला गेली.