जयवंतरावांच्या फाईलचं ॲफिडेव्हिट

आधीच शपथ घेऊन सांगते, आणि जरा मोठ्यानेच सांगते, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या गणपतलाही ऐकू जाईल. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या उरलेल्या चार दाढाही पडू देत.

तर भोईवाडा कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी वकील आमच्या ह्यांच्याकडे चष्म्यावरून बघत होता.

"काय काका, खोलीचं आहे की नावातला बदल?"

"फाईलचं आहे," हे म्हणाले.

"कुठल्या कोर्टातली फाईल?"

"कोर्टातली नाय. कॉम्प्युटरमधली. तिच्यात व्हायरस नाही असं लिहून पाहिजे. शपथेवर."

वकिलाने माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला आणि समोरच्या रसवाल्याकडे बघत बसले. चोपन्न वर्षं संसार केला की कुठे हसायचं नाही ते कळतं.

"काका, मी माणसांचं करतो. जन्म, लग्न, मयत. फाईलचं कसं करू?"

"शपथ मी घेणार ना. मी माणूसच आहे. लिवा. मी, जयवंत सोनू परब, वय शहात्तर, राहणार लालबाग."

वकील बिचारा भला होता. त्याने टायपिस्टला सांगितलं, आणि टायपिस्टने टकटक करून काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'सदर फाईलमध्ये कोणताही विषाणू, कीड अथवा घातक पदार्थ नसून ती मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, तयार केली आहे.' खाली ह्यांची सही, त्यावर गोल शिक्का. हे कागद छातीशी धरून घरी आले. बसमध्येही घडी घातली नाही.

आता ही फाईल म्हणजे काय ते सांगते.

आमचे हे गिरणीत डिझाईन खात्यात होते. साच्यावर, म्हणजे मागावर, नव्हते. चौकटी-चौकटीचा कागद असायचा, त्यावर बारीक कुंचल्याने एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. तशा हजार चौकटी रंगवल्या की पातळाचा काठ व्हायचा. रुईफुली, रुद्राक्ष, करवत, आणि नाव नसलेले कितीतरी. चौदा वर्षं हेच. समोरच्या रस्त्याने अंत्ययात्रा चालली होती, तर दुसऱ्या मजल्यावरून ह्यांनी ओळखलं की तिसऱ्या रांगेतल्या माणसाने नेसलंय ते धोतर आमच्या दोरीवरून चोरीला गेलेलं आहे. काठावरून ओळखलं. माणूस स्मशानातून परतेपर्यंत हे कोपऱ्यावर उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "सुतक संपला की आणून दे." त्याने दिलं. धुऊन दिलं. गणपतला विचारा.

मग संप झाला. त्यानंतर ती गिरणी धड चाललीच नाही. बंद पडली तेव्हा डिझाईनची सगळी बाडं रद्दीच्या लॉरीत गेली. हे गेटबाहेर उभे होते. घरी येऊन जेवले नाहीत, आणि शिवणाच्या डब्यातला खडू घेऊन फरशीवर चौकटी आखायला लागले. आठवतंय तोवर उतरवतो, म्हणाले. पंधरा दिवस मी त्या फरशीवर पाय ठेवला नाही. चूल सोडून सगळीकडे काठ होते.

पुढे दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिपाई म्हणून लागले. पाणी द्यायचं, फळा पुसायचा. पहिल्या दिवशी घरी आले ते वेगळेच.

"शेवंत्या," म्हणाले, "तो पडदो म्हणजे चौकटीचो कागदच गो. नुसते चौकोन. बाकी काय नाय."

पोरांना शिकवलेलं हे दारात उभे राहून ऐकायचे आणि क्लास सुटल्यावर करून बघायचे. चार वर्षं लागली असतील. त्यातून त्यांनी एक छोटासा प्रोग्रॅम केला. उघडला की पडद्यावर काठ विणला जायचा, धाग्यामागून धागा, आणि हवा तो काठ कुणीही आपल्या मागावर उतरवून घ्यावा. तीनशे बारा काठ होते त्यात, सगळे आठवून घातलेले. सुनेने, आमच्या अक्षदाने, तो इंटरनेटवर चढवून दिला. फुकट. खाली एक आकडा दिसायचा, किती जणांनी घेतला त्याचा.

लाखांनी नाही घेतला. पण घरी छोटा माग ठेवून हौसेने विणणारी माणसं जगात असतात, हे मला तेव्हा कळलं. वर्षाला पंचवीस-तीस जण घ्यायचे. कुणी दोन ओळी लिहायचं. अक्षदा वाचून दाखवायची आणि हे मान खाली घालून ऐकायचे, पगारवाढ जाहीर झाल्यासारखे. कारण बाडं तर गेली होती. ते काठ आता दुसरीकडे कुठेही नव्हते, एक ह्यांच्या डोक्यात आणि एक त्या फाईलमध्ये.

आणि मग पडद्यावर ती इशाऱ्याची पट्टी आली. कुणी फाईल घ्यायला गेलं की कॉम्प्युटर म्हणायचा, ही फाईल धोकादायक असू शकते, ठेवायची की टाकायची? ठेवते म्हटलं तर मिळायची. पण असं विचारल्यावर कोण ठेवणार?

गणपतने एकदा स्वतः करून बघितलं, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, 'जयवंतदादांची फाईल कोणी उघडू नये, बँकेचे पैसे जातात.' पुढचे आठ दिवस पोरं आमच्या दारावरून जाताना नाक दाबून पळायची. मी एकाला धरून विचारलं, काय रे, वास येतो का? तर म्हणाला, आजी, व्हायरस आहे.

हे गणपतकडे गेले. मी मागे होतेच.

"दादा, राग मानू नकोस," गणपत म्हणाला. "पण कॉम्प्युटरवर लिहून आलं ना. मी माझ्या मनाचं नाय टाकलं."

"गणपत, तू माझ्याबरोबर गिरणीत होतास."

"होतो."

"रोज सुटताना गेटवर झडती व्हायची. हात वर करून उभे रहायचो. चौदा वर्षांत माझ्या अंगावर एक दोरो गावलो?"

"नाय गावला."

"मग?"

गणपतने मोबाईल हातात घेतला. मेसेज त्याने काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता.

रविवारी अक्षदा खारघरहून आली तेव्हा तिने नीट समजावलं. "बाबा, तुमच्या फाईलमध्ये काही सापडलेलं नाही. ती फार कमी लोक घेतात, म्हणून त्याला ती ओळखीची वाटत नाही. हजारोंनी घेतली असती तर काही विचारलं नसतं."

"पण तो असा विचारता म्हणून कोण घेत नाय."

"तेच तर."

"म्हणजे ओळख नाय म्हणून घेऊ देणार नाय, आणि घेऊ देत नाय म्हणून ओळख होणार नाय."

"हो बाबा."

ह्यांनी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेतलं. मग म्हणाले, "ओळख कोण देता? कोर्ट देता." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही भोईवाड्याला गेलो.

तो शिक्क्याचा कागद फाईलच्या आतच पाहिजे, असा ह्यांचा हट्ट. अक्षदा नको म्हणत होती. पण सासऱ्याचा चेहरा बघून तिने कागदाचा फोटो काढला, आत घातला, फाईल पुन्हा बांधून चढवली. मग स्वतःच्या ऑफिसातून घेऊन बघायला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पडलेला.

"आई, बाबांना लगेच सांगू नका. आपण आत कागद घातला ना, त्यामुळे ती त्याच्या हिशेबी नवीनच फाईल झाली. आधीची थोडीफार ओळख होती, तीही गेली. आता विचारतसुद्धा नाही. लाल पट्टी येते आणि फाईल टाकूनच देतो."

"मग कागद काढून टाक."

"काढला तरी ती आणखी एक नवीन फाईल होणार. जुनी मी पुसली, आई. माझ्याकडेही नाही राहिली."

मी नाहीच सांगितलं. पण फोन स्पीकरवर होता, आणि हे मागे उभे होते.

ह्यांनी ॲफिडेव्हिटचा कागद गादीखाली ठेवला आणि पंखा लावून पडले. अक्षदाने पुढे ती पट्टी दाखवणाऱ्या कंपनीला दोनदा अर्ज केला. आपली विनंती मिळाली, असं उत्तर आलं. ते दोन्ही वेळा तेच होतं.

आकडा चारशे सतरावर थांबला. मी म्हटलं, मी घेते, अक्षदा घेईल, गणपतला घ्यायला लावते, नाही घेतली तर त्याचं पाणी बंद करते.

"घरच्यांनी घेतलेला धरूचा नाय," हे म्हणाले. "आपणच आपली हजेरी लावल्यासारखा होता ता."

त्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या किडन्या गेल्या. परळच्या हॉस्पिटलात, खिडकीकडची खाट मिळाली. मी सकाळी पेज घेऊन जायची. पेजेचा डबा उघडायच्या आधी विचारायचे, "किती झाले?"

"चारशे सतरा."

"बरा."

असं तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी विचारलंच नाही. पेज घेतली, तोंड भिंतीकडे केलं. मला ते काही बरं वाटलं नाही.

पंचविसाव्या दिवशी पत्र आलं. अक्षदाने मराठीत करून पाठवलं होतं ते मी मोबाईलवरून वाचून दाखवलं. कॅनडातली बाई. घराबाहेर कमरेएवढं बर्फ, आणि गुडघे दुखतात म्हणून दिवसभर मागावर बसते. लाल पट्टी तिलाही आली होती, पण तिने लेकाला बोलावून खटपट केली आणि फाईल मिळवलीच. चारशे अठरावी. आत ॲफिडेव्हिटचा कागद दिसला. एक अक्षर कळलं नाही, पण शिक्का बघून तिला वाटलं, ह्या माणसाने फार मनापासून काहीतरी लिहिलंय. मग तिने नातीच्या झग्याला रुईफुलीचा काठ विणला, चौसष्ट धाग्यांचा.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली.

"चौसष्ट नाय," म्हणाले. "बहात्तर."

"काय?"

"रुईफुलीक बहात्तर लागतत. तिका सांग. आठ कमी पडले तर फूल मिटलेला दिसता."

"सांगते."

"लिवन घे. विसरशील."

पर्समध्ये कागद नव्हता. औषधांची खाकी पिशवी होती, तिच्यावर नर्सकडून पेन घेऊन लिहिलं. त्यांनी डोळे उघडून ते वाचलं, सातावर आणि दोनावर बोट ठेवून. मग पेज मागितली. गुरुवारी सकाळी गेले.

झालं. शब्द न् शब्द खरा म्हणाले होते मी. धोतरवालाही खरा, नाक दाबणारी पोरंही खरी, वकील अजून तिथेच बसतो, जाऊन विचारा.

ते पत्र तेवढं आलं नव्हतं. मोबाईलवर गॅसच्या नंबराचा मेसेज होता, तो समोर धरून मी वाचत होते. बाई नाही, बर्फ नाही, गुडघे माझेच, आणि चौसष्टही मीच तोंडाला आला तो आकडा बोलले.

पण पिशवीवर बहात्तर लिहिलंय, ते त्यांनी सांगितलेलं आहे. पिशवी माझ्याकडे आहे. मी अजून कुणाला कळवलेलं नाही.