बोटभर कमी उचल

स्किमबोर्ड घ्यायला येणारी माणसं आधी रंग बघतात, मग नक्षी बघतात आणि मग मला विचारतात, "यातला चांगला कुठला?" मी कपाळाला हात लावते. चांगला कुणासाठी? वजन किती, पळता किती जोरात आणि मुख्य म्हणजे जाणार कुठे? लाट ओसरली की वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो. त्यावर पळत जायचं, फळी टाकायची, तिच्यावर उडी मारायची आणि घसरत जायचं. काही जण तिथेच रमतात, गिरक्या घेतात, पायाखाली फळी फिरवतात. त्यांना लाकडी, सपाट फळी द्यायची. काही जण त्याच वेगाने समोरून येणाऱ्या लाटेवर चढतात आणि तिच्यावरून वळून परत किनाऱ्याला येतात. त्यांना हलकी लागते, आत फोम, वर फायबर, आणि पुढचं टोक वर उचललेलं. त्या टोकाला आम्ही नाक म्हणतो. नाकाला पुरेशी उचल नसली तर ते लाटेत घुसतं, फळी जागीच थांबते आणि माणूस एकटाच पुढे जातो. हे मी रोज चार जणांना सांगते. त्यातले तीन शेवटी रंगावरच जातात.

माझी धाकटी बहीण लाटेवाली. समुद्राकडे तोंड करून दुकान पुढे, कारखाना मागे आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि सकाळी कामावर जायच्या आधी समुद्रावर. फळ्यांतलं तिला काही कळत नाही. फायबरच्या भुशाने अंगाला खाज सुटते म्हणून ती कारखान्यात पाऊलही टाकत नाही. कळायची गरजही कधी पडली नाही, कारण नवव्या वर्षापासून तिची प्रत्येक फळी मीच दिली आहे. मी हातात ठेवायची आणि तिने पळत सुटायचं, अशीच आमची पद्धत.

दीड वर्षापूर्वी एका लाटेने तिला उचलून ओल्या वाळूवर आपटलं. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत धातूची पट्टी बसवावी लागली. चार महिने तिचे केस मी धुतले, वेणी मी घातली, भाजी मी चिरून दिली. ती वैतागायची, मी ओरडायचे, आणि मग दोघी हसायचो. जुनी फळी मी अपघाताच्याच आठवड्यात विकून टाकली. तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

मग एका गुरुवारी, मी शटर ओढत असताना, ती काउंटरपाशी येऊन उभी राहिली.

"ताई, फळी हवी."

"कसली?"

"कसली काय? लाटेचीच. डॉक्टर हो म्हणालेत." मग म्हणाली, "हे बघ, मला फक्त कळायला हवं, मला अजून जमतंय की नाही. नसेल जमत तर सोडून देईन. रडत बसणार नाही."

मला ती त्या पाण्यात नको होती. तसं तोंडावर सांगितलं असतं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं आणि जायचं तिथे गेलीच असती. म्हणून मी म्हणाले, "रविवारपर्यंत करून देते."

शुक्रवारी कारखान्यात बसून मी फळी केली. फोम हलका घेतला, आकार लाटेच्या फळीचा कापला, फायबर नेहमीसारखंच चढवलं. फक्त नाक वाकवताना ती सपाट फळ्यांच्या साच्यावर दाबली. उचल बोटभर कमी झाली. वरवर बघणाऱ्याला ते दिसत नाही. माझा हिशेब सोपा होता. पातळ पाण्यावर ही फळी सुरेख धावेल, छोट्या लाटेपाशी अडखळेल, मग ती कंटाळेल आणि वाळूवरच गिरक्या मारत बसेल. नाक कमी उचललं तर काय होतं, ते मी रोज चार जणांना सांगते. ते मला आठवलं नाही असं म्हणणार नाही. आठवलं, आणि मी घाबरलेली होते म्हणून तरीही तेच केलं.

"जरा वेगळी वाटतेय," फळी काखेत धरून ती रविवारी किनाऱ्यावर म्हणाली.

"दीड वर्षाने धरतेयस. वेगळी वाटणारच."

तिने मान डोलावली. माझ्या शब्दावर तिने आजवर कधी शंका घेतली नव्हती.

पहिल्यांदा ती पातळ पाण्यावरून अशी गेली, की दोन पोरं पळायची थांबून बघत राहिली. दुसऱ्यांदा कमरेएवढ्या लाटेवर चढली आणि वळताना फळी अडखळली. कंटाळायचं तर लांबच, ती आणखी मागून पळत आली. तिसऱ्यांदा नाक पुरतं घुसलं. फळी थांबली आणि ती तोंडावर आपटली. मी चपला टाकून धावले. खांदा शाबूत होता. ओठ फाटला होता आणि दातांवर रक्त होतं. माझ्या जिवात जीव आला.

तिला वाळूवर बसवलं, रुमाल दिला. तो तिने ओठावर धरला.

"गेलं ग, ताई," ती म्हणाली. "लाट मला दिसतेय. वेळेवर पोचतेय. वळायचं तिथेच वळतेय. आणि तरी पडतेय. म्हणजे माझ्यातच काही उरलं नाही." रडणार नाही म्हणणारी ती रडायला लागली. "फळी छान केलीस तू. कुणाला तरी दे, जिला येतं तिला."

मला हवं होतं ते न मागता मिळालं होतं. तोंड बंद ठेवलं असतं तर ती आयुष्यात पुन्हा लाटेवर गेली नसती. मी तोंड बंद ठेवायचा प्रयत्नही केला. पण ती स्वतःला नावं ठेवत होती आणि ते मला ऐकवेना.

"तू नीटच केलंस," मी म्हणाले. "फळी चुकीची आहे. उचल कमी आहे."

"चुकून?"

"मुद्दाम."

तिने फळी जवळ ओढली, नाकाच्या खालून बोट फिरवलं. तिला त्यातून काय कळलं, कोण जाणे.

"नको म्हणाली असतीस तर भांडलो असतो," ती म्हणाली. "दोन दिवस बोललो नसतो. बस."

"मला भीती वाटत होती."

"मला वाटत नव्हती? तरी पळाले मी. तू दिलेली फळी होती म्हणून पळाले."

ती उठली आणि फळी तिथेच टाकून घरी गेली. मी ती उचलून आणली, करवतीने कापली आणि कचऱ्यात टाकली.

आमचं बोलणं बंद झालं नाही. एकत्र जेवतो, दवाखान्यातल्या रुग्णांच्या गमती ती अजूनही सांगते. पण पंधरा दिवसांनी तिने नवी फळी घेतली ती पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानातून. तिथला दुकानदार भला माणूस आहे, फक्त माप डोळ्याने ठरवतो. रोज सकाळी ती समोरच्या पाण्यात जाते, लाटेवर चढते, वळते आणि परत येते. तिला जमतंय, पहिल्यासारखंच जमतंय. मी दुकानाच्या दारात उभी राहून बघते.

फळी तिला एका मापाने लहान आहे. वळताना मागचा पाय बुडतो, लाट ओढते आणि दुखऱ्या खांद्याकडे तोल जातो. दहा वेळा तरी बघितलं मी. एकदा ती फळीवर पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण घ्यायला दुकानात आली, तेव्हा मी म्हणाले, "ऐक ना, ती फळी..."

"नको, ताई," ती म्हणाली. मेणाची वडी घेतली आणि पाण्याकडे निघून गेली.