बुडकुल्यातलं मेण

नखाच्या आत, अगदी मांसाला लागून, मेणाचा एक पिवळा कण अडकला होता — मोहरीएवढा, त्याहूनही बारीक — आणि मनोरमाबाई तो काढत नव्हत्या. बोट नाकाशी नेलं की मधाचा वास यायचा, थोडा धुराचा, आणि त्यामागे तळघरातल्या ओलीचा... साल दोन हजार चोवीस, जुलै महिना. दुबईत अल कुसैसमधल्या चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, बाहेर सेहेचाळीस डिग्री, ओट्यावर भरायला चिरून ठेवलेली वांगी, आणि संध्याकाळी पाचला जॉर्जियाची केतो येणार. केतो! सत्याहत्तराव्या वर्षी कुणी येणार म्हणून मनात अशा उकळ्या फुटाव्यात? लग्नाच्या वेळीही नव्हत्या फुटल्या.

पण मेण. मेणाचं काय करायचं?

बुडकुलं ओट्याच्या कोपऱ्यात बसलं होतं, तांबडं, गोल पोटाचं, आतून कोरडं ठक्क. तीन दिवसांपूर्वी केतोच्या माणसाने ते हॉटेलवर ईशानीकडे दिलं. ईशानी म्हणजे नात, हॉटेलात नोकरीला; केतोच्या घरची वाईन आता त्या हॉटेलात जाते, त्याच कामाने केतो दुबईत आली होती. तिने ते आजीच्या मांडीवर ठेवलं — "फॉर यू, आजी. फ्रॉम केतो." आणि घरात मातीचं भांडं आलं की बाई जे करते ते मनोरमाबाईंनी केलं. रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी उकळती पेज ओतली. पेजेवर पिवळा तवंग आला, तेव्हा मनात म्हणाल्यासुद्धा, काय बाई अडाणी लोक, नवं भांडं असं चिकट देतात! मग काथ्याने आत हात घालून घासघास घासलं. निघालेलं मेण चांगलं वासाचं होतं म्हणून गोळा करून तुपाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. मी टाकत नाही काही, कधीच नाही टाकलं.

आणि आज सकाळी चहा पिता पिता ईशानी सहज म्हणाली, "आतून मेण असतं ना त्याला, म्हणून वाईन झिरपत नाही. केतोच्या सासूने लावलेलं, आता शी इज नो मोअर. हार्वेस्टला घरचं जे कोण येतं, त्याचं एक बुडकुलं असतं त्यांच्याकडे. आपापलं घेऊन यायचं, पहिला रस त्यात. इट्स देअर फॅमिली थिंग."

घरचं जे कोण येतं...

कपातला चहा गार झाला तरी मनोरमाबाईंच्या कानात तेवढंच वाजत राहिलं. म्हणजे ते भांडं नव्हतं, बोलावणं होतं. आणि मी ते घासून काढलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये सगळे जॉर्जियाला गेले होते — दुबईतली आपली माणसं जातात तसेच, साडेतीन तासांचं विमान, चार रात्री, डोंगर, बर्फ, फोटो. तिसऱ्या दिवशी गाडी एका द्राक्षमळ्यात थांबली. गाईड सांगत होता, इथे आठ हजार वर्षं वाईन करतात, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणांत, हा मळा एकाच घराचा. मुलगा राजन आणि सून अनुराधा चव घ्यायला आत गेले. मनोरमाबाई बाहेर बाकावर बसल्या. समोर टोपल्या, टोपल्यांत घड, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक साठीची बाई कात्रीने सडके मणी काढत होती. बाजूला दुसरी कात्री पडली होती. कुणी विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही — देठ धरला, घड उजेडाकडे केला, कात्रीचं टोक आत घातलं... आणि ओझर आलं. वडलांचा मळा, भोकरी द्राक्षं, बारा वर्षांची मनू, आणि मागून वडलांचा आवाज, "घडाला बोट लावशील तर बघ! देठ धर. त्या पांढऱ्या लवेवर बोट उमटलं की माल गेला." पासष्ट वर्षं झाली असतील. लग्न झालं, नवऱ्यामागे इथे वाळूत आले, मळा भावांकडे गेला, भावांनी वेली उपटून कांदा लावला, आणि या हातांना नंतर कुणी विचारलंच नाही की तुम्हांला काय येतं. पोळ्या येतात, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी ती रुमालवाली बाई, केतो, बघत राहिली. घड नव्हे, बोटं बघत होती. दोन टोपल्या झाल्यावर मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "नेक्स्ट इयर. यू कम. वर्क."

वर्क म्हणाली! पाहुणी म्हणून ये नाही म्हणाली.

राजन हसला होता. महिन्यापूर्वी तिकिटांचा विषय निघाला तेव्हा मात्र हसला नाही. "आई, एप्रिलमध्ये गॅस चालू ठेवून खाली गेलीस. आठवतंय? सप्टेंबरभर परक्या गावात, उतारावर... केतो येतेय ना? येऊ दे. मग बघू, इन्शाल्ला." त्याच्या इन्शाल्लाचा अर्थ नाही असा होतो, हे त्यांना लहानपणापासून — म्हणजे त्याच्या लहानपणापासून — माहीत होतं. आता हे बुडकुलं त्याच्या हाती आयतंच सापडणार.

"आई, तुम्ही काही बोलूच नका," अनुराधा कूट परतता परतता कुजबुजली. सून असून अशा वेळी ती मैत्रिणीसारखी वागते. "वर फडकं बांधू. ती काय आत हात घालून बघणारे?"

"घालेल."

"कशावरून?"

"मी घातला असता."

पाचला बेल वाजली. केतोने दारातच मनोरमाबाईंना मिठी मारली, घामाचा आणि उन्हाचा वास, आणि पहिलं काय केलं तर त्यांचा उजवा हात उलटा करून तळवा पाहिला, जनावराचा खूर बघावा तसा. मनोरमाबाईंना हसू फुटलं. वांगी आली, केतो म्हणाली, आमच्याकडे यात अक्रोड घालतात. राजन आदबीने वाढत होता, हवामानाविषयी बोलत होता, आईच्या रक्तदाबाकडे हळूहळू गाडी वळवत होता. आणि केतोने ते बुडकुलं मागितलं.

फडकं सोडलं. हात आत गेला. थांबला.

केतोने बोटं बाहेर काढून हुंगली.

"काय झालं?" राजन म्हणाला.

अनुराधाने पदराखालून हात दाबला — गप्प राहा. आणि त्या उठल्या. विसरले म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं सगळे लगेच मान्य करतात. पण विसरले नव्हते. उलट... जे येत होतं ते केलं होतं, आजीने आईला, आईने मला शिकवलेलं, जसंच्या तसं. त्यांनी तुपाची डबी आणून केतोसमोर उघडली.

"मीच काढलं. उकळत्या पेजेने. आमच्याकडे नवं मडकं असंच तयार करतात. ईशू, सांग तिला. चुकून नाही म्हणावं, मुद्दाम केलं, नीट केलं. फक्त मला ठाऊक नव्हतं."

"आई!" राजन म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? अगं, तिच्या सासूच्या हातचं..."

"डॅड, वेट."

केतोने इंग्रजीत विचारलं, पेज म्हणजे काय? तांदूळ? किती वेळ ठेवली? गार झाल्यावर ओतून टाकली की आधी? प्रश्न राजनला नव्हतेच. मनोरमाबाई बोटांनी सांगत होत्या, केतो मान हलवत होती, कधी होकाराची, कधी नुसतीच. मग तिने डबीतलं मेण चिमटीत घेतलं, मळलं, हुंगलं. तिचे डोळे भरले की उन्हामुळे लाल होते, कळेना. बुडकुलं मांडीवर ओढून ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली — लांबलचक, खरबरीत, मध्येच थांबत — आणि ईशानीने फोन पुढे केला, भाषांतरासाठी.

पडद्यावर बारीकसं चक्र फिरू लागलं.

राजन वाकला. अनुराधा वाकली. "नेट स्लो आहे," ईशानी पुटपुटली.

मनोरमाबाई फोनकडे बघत नव्हत्या. केतो म्हणत असेल, खलास, सासूबाई गेल्या त्या गेल्याच. किंवा म्हणत असेल, यल्ला, चल, सप्टेंबरात ये, माझ्या हाताखाली पुन्हा मेण लाव... जे असेल ते असो. महिनाभर आपण वाट पाहत होतो ती होकाराची नव्हतीच की काय, या हातांना काय येतं ते कुणी विचारावं याची होती, आणि ते केतोने आताच विचारलं होतं, असं त्यांना वाटलं. राजनच्या 'बघू'ची वाट पाहणारी बाई मघाशी डबी आणताना ओट्यापाशीच राहिली होती, तिथेच उभी असेल अजून, पोळ्यांच्या डब्याशेजारी. बोटं आपोआप एकमेकांवर घासली जात होती, आणि त्यांनी नखातला तो कण आणखी आत दाबून धरला. देठ धर, मनू, कुणीतरी मागून म्हणालं, देठ धर...

चक्र फिरतच होतं.