बेल्टवाला फोटो

माहा भाऊ फकिरा बालाघाटात बांबूच्या परांचीवर चढून पलस्तर करे. बांधकामाच्या परवानगीसाठी साहेब पाहाले आले, त्या दिवशी ठेकेदारानं मजुराईले हेल्मेट अन् सेफ्टी बेल्ट घालून उभं केलं. साहेब गेले, सामानही गेलं. फकिरानं मात्र त्याच्या आधीच बेल्ट घालून हौसेनं फोटो काढून मले पाठवला.

काल बांबू निसटला. आता कमरेखाली त्याचं काहीच हालत नाही.

दवाखान्यात ठेकेदार म्हणे, "आम्ही बेल्ट देल्लता. यानंच काढला."

"खोटं बोलून राह्यला मेला!" मी ओरडली.

भेटाले आलेली आमच्या कटंगी गावची शेजारीण माह्या कानाशी लागली, "काहून भांडतं, गोदाबाई? बेल्ट तं होता. तूच नाही का साऱ्या गल्लीले फोटो दाखवलता?"