वाफ कोणती, गॅस कोणता?

मित्रांनो, मी एक जुना गॅस सेन्सर आहे. सिरॅमिकचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात मला भट्टीत भाजलं आणि पोटात बारीक तापती तार बसवली. गॅस अंगाला लागला की माझ्या डबीतला भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम.

तुंगार्लीच्या एका बंगल्यात, स्वयंपाकघरात जमिनीलगत मला लावलं. तिथं कस्तुराबाई पाहुण्यांसाठी रांधायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात शेगडीची नळी उंदरानं कुरतडली. मी लगेच ओरडलो.

"लय गुणाचं हाय बाई हे!" कस्तुराबाई म्हणाल्या. मी सुखावलो.

मग पावसाळ्यात भिंतींना ओल आली, धुकं खिडकीतून आत शिरलं. भाताची वाफ आली तरी मी ओरडू लागलो. वाफ कोणती, गॅस कोणता, मला कळेनासं झालं. त्यातच ओट्याच्या फटी बुजवायला कुणी सिलिकॉन भरलं. काही दिवसांनी मी अगदी गप्प झालो.

"सुटलो एकदाचे!" बंगला सांभाळणारे अमृत म्हणाले. मलाही वाटलं, बरा झालो असेन.

एके दुपारी कस्तुराबाई दारातच थबकल्या. "आवं अमृतभाऊ, गॅसचा वास येतोय की! लाइटच्या बटनाला हात लावू नगा. पोरांना भायेर काढा!"

त्यांनी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. अमृत पाहुण्यांच्या मुलांना घेऊन अंगणात धावले. सगळे वाचले. गॅस माझ्याच अंगावरून वाहत होता आणि मला काहीच जाणवत नव्हतं.

कारखान्यातून सारिका मॅडम आल्या. मला तपासून म्हणाल्या, "सिलिकॉनच्या वाफेनं याच्यावर थर बसलाय. गॅस आत पोचतच नाही."

"धुऊन न्हाई का निगायचा?"

"नाही हो मावशी."

त्या मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. नव्या सेन्सरांवर त्यांनी कोळशाच्या गाळणीची टोपी चढवली, त्यांना दमट पेटीत ठेवलं, सिलिकॉनची वाफ दिली. पहिले कितीतरी माझ्यासारखेच मुके झाले. टोपी जाड केली, पुन्हा भाजलं, पुन्हा पाहिलं. अखेर एक टिकला. तोच आता कस्तुराबाईंच्या स्वयंपाकघरात आहे.

मी इथंच टेबलावर असतो. हवा स्वच्छ आहे की मीच बधिर आहे, हे मला अजूनही उमगत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरचा सेन्सर गप्प असला तरी निर्धास्त राहू नका. मोठ्यांना सांगून त्याची वेळोवेळी तपासणी करून घ्या. तो बिघडला, तर त्याचं त्याला कळणार नाही.